परवचा आणि कोरं पान : आठवणं म्हणजे शिकणं का?

(भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या वेळी आपण 'समजणं' या क्रियापदावर बोललो होतो. व्याख्यान संपता संपता मागच्या रांगेतल्या एका शिक्षिकांनी विचारलं, "सर, समजण्याचं सगळं पटलं. पण समजलेलं पोरांच्या लक्षात राहत नाही, त्याचं काय करायचं?" वेळ संपली होती, म्हणून 'पुढच्या वेळी बघू' असं म्हणून आम्ही निसटलो. खरं सांगायचं तर वेळ असता तरी उत्तर नव्हतं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात स्मृतीवर पुष्कळ बोललो. पण वर्गातलं पोर विसरतं का, याचा विचार आम्ही कधी गंभीरपणे केला नाही. ते काम मानसशास्त्र विभागाचं, असं समजून बाजूला टाकलं. गेले काही महिने बोधनिक मानसशास्त्रातलं जे हाती लागलं ते वाचून काढलं. आज त्याचा हिशेब द्यायचा आहे. काही त्यांच्या बाजूचा, काही त्यांच्या विरुद्ध, आणि बराचसा आमच्याच विरुद्ध.

पाच वेळा वाचलंय हो

सुरुवात घरापासून करतो. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एका बाईंची मुलगी दहावीला होती. मराठी माध्यम, क्लास परवडण्यासारखा नाही. सहामाहीत इतिहासात गचकली, म्हणून आईनं तिला संध्याकाळी आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आम्ही विचारलं, "अभ्यास कसा करतेस?"

"वाचते."

"किती वेळा?"

"पाच-पाच वेळा वाचलंय हो आजोबा. वाचताना सगळं येतं. पेपर हातात आला की काहीच आठवत नाही."

आम्ही म्हटलं, "बरं, आत्ता हे पान वाच. वाचलंस? आता पुस्तक मिट आणि सांग." तिनं दोन वाक्यं सांगितली आणि थांबली. हात आपोआप पुस्तकाकडे गेला. आम्ही पुस्तक जरा लांब सरकवलं. मग ती खाली बघून म्हणाली, "मी ढच आहे."

मंडळी, पाच वेळा वाचणारी मुलगी आळशी नसते. आणि तिला वाचताना 'येत होतं' हेही खोटं नव्हतं. पान ओळखीचं वाटत होतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं ती धरून चालली होती. रस्त्यात रोज दिसणारा माणूस आपण ओळखतो. त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. दहा वर्षं शाळेत काढलेल्या मुलीला हा फरक एकानंही सांगितलेला नव्हता. पद्धत चुकली होती, आणि तिनं निष्कर्ष काढला होता तो स्वतःच्या बुद्धीबद्दल. आजच्या विषयात पणाला काय लागलंय असं कुणी विचारलं, तर आम्ही हेच वाक्य पुढे करू : 'मी ढच आहे.'

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आपलं सांगावं. आम्ही महाविद्यालयात तीस-पस्तीस वर्षं नोट्स उतरवून दिल्या. स्वच्छ, मुद्देसूद, परीक्षेला उपयोगी. मुलं खूष, आम्हीही खूष. काही वर्षांपूर्वी भाईंदर स्टेशनवर एक माजी विद्यार्थी भेटला. वाकून नमस्कार केला, म्हणाला, "सर, तुमच्या कांटवरच्या नोट्स अजून जपून ठेवल्यात." आम्हाला बरं वाटलं. गाडीला वेळ होता, म्हणून सहज विचारलं, "काय होतं रे त्यात?" तो हसला. म्हणाला, "सगळं होतं सर. नोट्समध्ये आहे." (हशा)

हसा, पण त्यानं आमच्या सगळ्या अध्यापनावर नेमका अभिप्राय दिला होता. ज्ञान वहीत होतं, ते कपाटात नीट ठेवलेलं होतं, आणि तो स्वतः त्याच्याशिवाय प्लॅटफॉर्मवर उभा होता.

प्रयोग काय सांगतात

आता मानसशास्त्राकडे येऊ. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्मृतीवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोग स्वतःवरच केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतात ते मोजायचं. त्याला असं आढळलं की बारा अक्षरसमूहांची एक यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम होतो, तो तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी होतो. कष्ट जवळजवळ निम्मे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या सर्वांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसरा प्रयोग २००६ सालचा, अमेरिकेतल्या सेंट लुइसमधला, रोडिगर आणि कार्पिके यांचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि खरी गंमत पुढे आहे. आठवड्यानं किती लक्षात राहील असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांना होता. म्हणजे जी पद्धत कमी उपयोगी, तीच अधिक उपयोगी *वाटते*. आमच्याकडे येणाऱ्या मुलीचं कोडं इथे सुटतं.

तिसरा गणिताचा. २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी घनफळाची उदाहरणं दोन प्रकारे सोडवायला दिली. एका गटाला एकाच प्रकारची सलग, दुसऱ्याला प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले फक्त ६०. आठवड्यानंतर सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर. कारण सोपं आहे. उदाहरणसंग्रहाच्या डोक्यावर 'वर्गसमीकरणे' असं छापलेलं असलं की कुठली रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. परीक्षेत आणि आयुष्यात मात्र डोक्यावर काही छापलेलं नसतं.

२०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती पुराव्याच्या तराजूत घातल्या. दोनच पद्धतींना त्यांनी वरचा दर्जा दिला : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनानं अधोरेखित करणं तळाच्या दर्जात गेलं. आपल्याकडची किती पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पिवळी झालेली असतात, ते आठवा.

यातलं सगळंच नवं आहे असंही नाही. फ्रान्सिस बेकननं १६२० साली लिहून ठेवलंय की एखादा उतारा वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचून मध्ये मध्ये म्हणून पाहिला आणि अडलं तिथेच पुस्तकात डोकावलं, तर तो लवकर येतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही बेकन शिकवला. हे वाक्य मात्र शिकवलं नाही. लागू केलं असतं तर नोट्स उतरवून देणं बंद करावं लागलं असतं.

'घोकंपट्टी' या शब्दाची उलटतपासणी

आता आमच्या मूळ धंद्याकडे, म्हणजे शब्दांकडे येतो. आपल्या शिक्षणचर्चेत 'घोकंपट्टी' हा एक शिव्यांचा शब्द झालाय. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ती नको म्हटलंय, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिच्याऐवजी आकलनावर भर द्या असं म्हटलंय. हेतू उत्तम आहे. पण या एका शब्दाच्या पोत्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या.

पहिली, घोकणं. पुस्तक समोर, ओठ हलतायत, मन कुठेही. दुसरी, उजळणी. आज आपण हा शब्द 'पुन्हा एकदा वाचून काढणे' या अर्थी वापरतो. आणि तिसरी, परवचा. आमच्या वयाच्या मंडळींना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन बसायचं आणि पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, तिथी, नक्षत्रं म्हणायची. समोर पुस्तक नसायचं. समोर आजी असायची, आणि ती भाजी निवडता निवडता चूक पकडायची.

परवच्याचं पृथक्करण करा. पुस्तक मिटलेलं, म्हणजे आतून आठवणं आलं. रोज थोडं, म्हणजे विभागलेला अभ्यास आला. पाढ्यांनंतर तिथी, तिथींनंतर नक्षत्रं, म्हणजे मिसळ आली. चूक झाली की ताबडतोब दुरुस्ती. ज्या दोन पद्धतींना २०१३ सालच्या त्या निबंधात वरचा दर्जा मिळाला, त्या दोन्ही आमच्या आजीच्या ओटीवर चालू होत्या.

थांबा, टाळ्या नकोत. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' या गाडीत आम्ही चढणार नाही. परवच्यात दोन मोठी वैगुण्यं होती. एक, अर्थ कुणी सांगत नसे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे कित्येकांना तो तोंडपाठ झाल्यावर कळलं, काहींना कळलंच नाही. दोन, हा परवचा कुणाच्या ओटीवर होता? ज्यांच्या घरात आजीला पाढे येत होते त्यांच्या. बाकीच्यांसाठी शाळा होती, आणि तिथे चूक पकडणाऱ्याच्या हातात छडी होती. आठवण्याच्या कृतीला भीती चिकटली ती तिथे. पुढे सुधारणा करणाऱ्यांनी भीती काढायला घेतली, ते योग्यच केलं. पण भीतीबरोबर आठवणंही काढून टाकलं. आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ फेकणं ही म्हण परक्यांची; आपण म्हणू, सुपातले खडे निवडताना तांदूळही उकिरड्यावर गेले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात 'आकारिक मूल्यमापन' हा फार चांगला शब्द होता. मूल घडत असताना, घडवण्यासाठी घेतलेली चाचपणी. वर्गात प्रत्यक्ष काय झालं? शिक्षकांना विचारा. नोंदवह्या भरण्याचं काम वाढलं. पोराला काय आठवतं हे पोरालाच कळावं, यासाठीचं साधन प्रशासनाला कळवण्याचं साधन झालं. चाचणी म्हणजे मोजमाप, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. वजनकाट्यावर उभं राहून वजन बदलत नाही. आठवण्याच्या बाबतीत मात्र मोजण्याच्या कृतीनंच मोजली जाणारी वस्तू बदलते, पक्की होते. इतका मोठा शोध आणि आपण तो प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात घातला.

कोऱ्या पानांची गोष्ट

याचं अलीकडचं, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनानं निर्णय घेतला की पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायची. दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागली आणि पाठांच्या शेवटी कोरी पानं जोडली. 'माझी नोंद' अशा नावाची. दप्तराचं ओझं कमी व्हावं, आणि शिकवताना महत्त्वाचे मुद्दे मुलांनी तिथेच टिपावेत, असा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये ही योजना मागे घेतली. पानांचा अपेक्षेप्रमाणे उपयोग होत नाही, मुलं वेगळ्या वह्या आणतातच, असा अनुभव आला.

वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कागदाच्या खर्चाची आणि दप्तराच्या वजनाची. त्या पानावर मुलानं *काय करायचं*, हा शिक्षणाचा प्रश्न आम्हाला त्या चर्चेत फारसा ऐकू आला नाही.

विचार करा. कोरं पान ही स्मरणाच्या दृष्टीनं किती मौल्यवान वस्तू! पाठ संपला, पुस्तक मिटलं, आता आठवेल ते लिही, आणि मग पुस्तक उघडून तूच लाल पेननं दुरुस्त कर. सेंट लुइसच्या प्रयोगातही कोऱ्या कागदापलीकडे काही नव्हतं. पण आपण ते पान कशासाठी दिलं? शिक्षक सांगतील ते उतरवून घेण्यासाठी. फळ्यावरून पानावर, गाईडमधून पानावर. आणि त्यात एक विनोद असा की, जे पान पुस्तक मिटून लिहायला हवं, ते आपण पुस्तकातच शिवून टाकलं. पान उघडायचं तर धडा उघडावा लागतो. शेजारी उत्तर दिसत असताना कुठलं पोर आठवायचे कष्ट घेईल? आम्ही तरी घेतले नसते.

ही टीका एका योजनेवर नाही. ती योजना वाईट हेतूनं आलेली नव्हती. टीका त्यामागच्या चित्रावर आहे. शिकणं म्हणजे बाहेरून आत काहीतरी भरणं, हे ते चित्र. मग पाटी कोरी, पान कोरं, डोकं कोरं, आणि शिक्षकानं ओतायचं. गंमत म्हणजे जे 'ज्ञानरचनावाद' म्हणतात तेही या चित्रावर टीका करतात आणि आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. फक्त त्यांना हे मान्य करायला जड जातं की आतून आठवून लिहिणं हीसुद्धा रचनाच आहे. २०११ साली कार्पिके आणि ब्लंट यांनी विज्ञानाचे उतारे घेऊन हे तपासलं. एका गटानं पुस्तक समोर ठेवून संकल्पना-चित्र काढलं, दुसऱ्यानं आठवून लिहिलं. आठवड्यानं अर्थ लावायला लागणारे, अनुमान करायला लावणारे प्रश्न विचारले तेव्हाही आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे आठवणं हे समजण्याच्या आड येतंच, ही भीती निराधार आहे.

आता मानसशास्त्राची उलटतपासणी

इथपर्यंत आम्ही त्यांची वकिली केली. आता दुसरी बाजू.

आपल्या न्यायदर्शनात एक मजेशीर गोष्ट आहे. ज्या समाजानं वेद कानांनी आणि तोंडानं जपले, क्रम, जटा, घन असे पाठाचे प्रकार तयार केले, त्याच समाजाच्या नैयायिकांनी स्मृतीला 'प्रमा' मानलं नाही. यथार्थ *अनुभव* म्हणजे प्रमा. स्मृती ही आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून येते, ती नवं काही देत नाही. आठवलं म्हणजे जाणलं असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा प्रश्न आम्ही मानसशास्त्रज्ञांना विचारतो. तुम्ही आठवड्यानंतरचं आठवणं मोजलंत आणि त्याला 'शिकणं' असं नाव दिलंत. शिक्षणाचं ध्येय आठवड्याचं असतं का? पोराला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल १६७४ आठवलं, छान झालं. राज्याभिषेक *का* करून घ्यावा लागला, हा प्रश्न त्याला पडला का? तो प्रश्न पडणं कुठल्या टक्केवारीत मोजणार?

दुसरा आक्षेप. हे प्रयोग बऱ्याच अंशी परदेशी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर, छोट्या उताऱ्यांवर, शांत खोलीत झालेत. वर्गात साठ पोरं, मागच्या बाकावर दोघांना चष्म्याची गरज, एकाच्या घरी हिंदी, दुसऱ्याच्या घरी गुजराती, तिसऱ्याच्या घरी मारवाडी. ही आमच्या मीरा-भाईंदरची साधी परिस्थिती आहे. प्रयोगातला निष्कर्ष इथे आणताना जपून आणावा लागतो.

तिसरा सर्वांत गंभीर. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरता येतं का? २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं किचकट हिशेब तोंडी आणि अचूक करत होती. तेच शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलं की अडत होती. उलट, शाळेतली मुलं कागदावर बरी आणि बाजारातल्या हिशेबात अडलेली. इथे आठवणं दोघांकडेही होतं. नव्हता तो मधला पूल. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मरणाची वीसहून अधिक निमित्तं दिली आहेत. त्यात अभ्यास आहेच, पण सादृश्य आहे, विरोध आहे, संबंध आहे, सुखदुःख आहे. नुसता अभ्यास हे एक कारण, एकमेव नव्हे. पूल बांधायचा तर सादृश्य आणि विरोध दाखवणारा माणूस लागतो. त्याचंच नाव शिक्षक.

चौथा आक्षेप संशोधनावर नाही, ते विकणाऱ्यांवर आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक त्रिकोण दाखवतात : वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस टक्के, केलेलं नव्वद टक्के. आम्ही स्वतः तो पडद्यावर पाहिलाय. एडगर डेल यांनी १९४६ साली असा शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली, आणि आकडे इतके गोल आहेत की संशय यायलाच हवा होता. तसंच 'हा मुलगा बघून शिकणारा, ती मुलगी ऐकून शिकणारी'. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी धुंडाळून पाहिलं. त्याप्रमाणे वेगवेगळं शिकवल्यानं फायदा होतो याचा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. विज्ञानाच्या नावावर अंधश्रद्धा खपते ती अशी. पोराच्या कपाळावर 'ढ' लिहिणं वाईट, आणि 'श्राव्य' लिहिणंही फार वेगळं नाही.

क्लास काय विकतो

इतके आक्षेप घेऊनही आम्ही कोऱ्या पानाच्या बाजूनं का उभे आहोत? कारण एक सामाजिक प्रश्न आहे.

मीरा रोडच्या नाहीतर भाईंदरच्या कुठल्याही नाक्यावर क्लासचे फलक वाचा. 'साप्ताहिक चाचणी', 'टेस्ट सिरीज'. पालक पैसे मोजतात ते नुसत्या शिकवण्याचे नव्हेत. दर रविवारी पोराला बसवून, पुस्तक काढून घेऊन, आठवायला लावण्याचे मोजतात. म्हणजे शाळेनं लाजून जे सोडलं ते क्लासनं उचललं आणि दुकानात मांडलं. ज्याला परवडतं त्याचं पोर तिथे आठवण्याचा सराव करतं. ज्याला परवडत नाही त्याचं पोर पाच वेळा वाचतं आणि स्वतःला ढ म्हणतं. पूर्वी परवचा काही घरांच्याच ओटीवर होता, आता काहींच्याच खिशात आहे. घोकंपट्टीविरुद्धच्या आपल्या लढाईची किंमत कुणी भरली, हे एकदा नीट पाहायला हवं.

आणि ही वस्तू विकत घ्यायची गरजच नाही. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं. एक प्रश्न कालच्या धड्यावरचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. पुस्तकं मिटलेली. प्रत्येकानं लिहायचं, एकट्या हुशार पोरानं हात वर करायचा नाही. मग पुस्तक उघडून ज्याचं त्यानं तपासायचं. गुण नाहीत, नोंदवही नाही, वर कळवायचं नाही. गुण आले की भीती आली, आणि नोंदवही आली की शिक्षक दमला. गणिताच्या गृहपाठात आजच्या रीतीची तीन उदाहरणं आणि जुन्या रीतींची तीन. शेवटचा प्रश्न नेहमी 'का' असलेला, नाहीतर औटकीसारखं होईल.

मोठ्यांनाही सांगतो. काही शिकताय, परीक्षा देताय, आणि रोज विरार गाडीत उभे असता. पुस्तक उघडायला हात हलत नाही, अशी तक्रार ऐकतो. अहो, तेच तर हवंय! भाईंदर ते अंधेरी डोळे मिटून काल रात्री वाचलेलं आठवा. अडेल तिथे अडू द्या. उतरल्यावर तेवढंच पाहा.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. आम्ही रोज एक पाठकोरा कागद देत होतो, आणि पहिले पंधरा दिवस ती वैतागली होती, कारण कागद अर्धा रिकामा राहायचा आणि वाचताना मिळणारं ते 'सगळं येतंय'चं सुख गेलं होतं. आम्हीही एकदोनदा डगमगलो. मग रिकामा भाग कमी होत गेला. तिचे दहावीचे गुण आम्ही सांगणार नाही. एका मुलीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, आणि गुण तिचे आहेत. एवढंच सांगतो की एके दिवशी ती धाकट्या भावाला घेऊन आली आणि आमच्या देखत त्याला म्हणाली, "वाचलंस ना? मग मिट पुस्तक." 'ढ' हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून आम्ही ऐकला नाही.

तेव्हा त्या मागच्या रांगेतल्या बाईंना उत्तर : मुलांच्या लक्षात राहत नाही, कारण आपण त्यांना आठवू देत नाही. अपुरं उत्तर आहे, मान्य. आठवलेल्याचं ज्ञान कसं होतं, हा प्रश्न शिल्लक आहे आणि तो पुढच्या वेळी घेऊ.

जाता जाता एक काम. घरी गेल्यावर, किंवा हे वाचत असाल तर पडदा बंद करून, एका कागदावर आजचे तीन मुद्दे लिहा. आठ दिवसांनी पुन्हा लिहा. तिन्हीपैकी एकही आठवला नाही तर स्वतःला काही म्हणू नका. आम्हाला येऊन सांगा. चूक कुठे झाली ते आपण मिळून पाहू.